धन कोणते, ऋण कोणते?

प्रश्न : यंत्रमागाच्या सर्किटचे सुटे भाग घरीच बदलताना धन-ऋण कसे ओळखावे? — एक वाचक, भिवंडी

उत्तर : नव्या एलईडीचा लांब पाय धन, हा सर्वसाधारण दाखला असला, तरी पाय कापले गेले की तो पुरावा नष्ट होतो, म्हणून मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून, लाल तार ज्या पायाला लावली असता एलईडी मंद उजळते, तो धन समजावा. डायोडवरील पट्टा ऋण बाजूचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरीलही ऋणच. मात्र टँटलमच्या चिमुकल्या चौकोनी कपॅसिटरवर तोच पट्टा धन बाजू दर्शवितो, आणि या विपर्यासापायी चांगले भाग हकनाक जळतात. उलटा बसलेला कपॅसिटर फुटतोही. यास्तव वीज बंद करून, जुना भाग काढण्यापूर्वीच त्याची दिशा कागदावर नोंदवून ठेवावी.