महानायकांच्या दुनियेतील स्त्री

साहित्यशास्त्राच्या तासाला आपण नायकाचे चार भेद पाठ करतो : धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत व धीरोद्धत. त्यानंतर अष्टनायिका येतात : वासकसज्जा, विरहोत्कंठिता, खंडिता, अभिसारिका इत्यादी. या दोन याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. नायकाचे हे चार भेद त्याच्या स्वभावावरून पडले आहेत. नायिकेचे आठ भेद मात्र प्रियकर जवळ आहे की दूर, त्याने शब्द पाळला की मोडला, यावरून पडले आहेत. शृंगारात नायकाचेही अनुकूल, शठ असे भेद सांगितले आहेत हे खरे. परंतु तेवढ्यावर त्याची ओळख संपत नाही. नायक कसा आहे हे विचारावयाचे आणि नायिका कोणाची आहे हे विचारावयाचे, अशी ही रीत होय. हीच रीत चित्रकथा व चित्रपट यांतील महानायकांपर्यंत कशी पोहोचली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

अमेरिकेत १९३८ साली सुपरमॅन अवतरला. सर्कशीतील पहिलवानासारखा त्याचा घट्ट पोशाख त्याचे बळ दाखविण्यासाठी होता. पुढे १९४१ मध्ये विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने वंडर वुमन निर्माण केली. मुलींसमोरही सामर्थ्याचा आदर्श असावा, हा त्याचा हेतू होता. पण तिचे खांदे व पाय उघडे ठेवण्यात आले. म्हणजे बळाच्या आधी रूप दिसावे अशी योजना झाली. इतकेच नव्हे, तर १९४२ मध्ये चित्रकथेतील महानायकांच्या मंडळात तिला प्रवेश मिळाला तो चिटणीस म्हणून! रणगाड्याशी झुंजू शकणाऱ्या स्त्रीकडे सभेचे कागद सांभाळण्याचे काम आले. ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने तिला स्त्रिया व मुली यांच्या सबलीकरणासाठी मानद दूत नेमले. तिच्या रूपावर व वेषावर आक्षेप घेणाऱ्या निवेदनावर हजारो सह्या झाल्या आणि डिसेंबरमध्ये ही नेमणूक संपली.

आपल्याकडे १९६४ पासून मुंबईहून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून फँटम मराठी घरांत आला. त्याची प्रेयसी डायना ही पाण्यात सूर मारण्यात पटाईत अशी खेळाडू आहे. तरीही कथानकात ती वारंवार पळविली जाते, आणि तिला सोडविण्यासाठी फँटमला धावावे लागते. लेखकाने दिलेले गुण ऐन वेळी तिच्या उपयोगी पडत नाहीत.

यावरून स्त्री महानायिका ही कल्पनाच परदेशातून आली, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. सुपरमॅनच्या तीन वर्षे आधी, १९३५ साली, मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने ‘हंटरवाली’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते होमी वाडिया. राजाला कैदेत टाकणाऱ्या प्रधानाविरुद्ध राजकन्या माधुरी मुखवटा चढवून, हातात चाबूक घेऊन उभी राहते. ही भूमिका करणाऱ्या नादियाचा जन्म १९०८ साली ऑस्ट्रेलियात झाला होता. ती नाजूक नव्हती; अंगापिंडाने भक्कम होती, आणि साहसाची कामे स्वतः करीत असे. पुढच्याच वर्षी ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये तिने आगगाडीच्या टपावर मारामारी केली. प्रेक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. स्त्रीने मार खाण्याऐवजी मार दिलेला लोकांना पाहवत नाही, हे म्हणणे मुंबईत तेव्हाच खोटे ठरले. मात्र हेही नमूद केले पाहिजे की राजकन्येला चाबूक चालविण्यासाठी मुखवटा लागला, आणि नादिया गोरी, परदेशात जन्मलेली असल्यामुळे तिला ही मोकळीक अधिक सहज मिळाली असावी, असा तर्क करता येतो.

आपली भाषाही या बाबतीत निर्दोष नाही. भित्र्या पुरुषाला आपण ‘बांगड्या भर’ म्हणतो आणि धीट मुलीची ‘अगदी मुलासारखी आहे’ अशी स्तुती करतो. शूर स्त्रीसाठी गौरवाने वापरला जाणारा ‘वीरांगना’ शब्द घ्या. त्यातील ‘अंगना’ म्हणजे सुंदर अंगांची स्त्री. शौर्याच्या गौरवातही रूप आलेच!

या साच्याचा जाच मुलांनाही होतो. मर्द म्हणजे दगडासारखी छाती, हा समज त्यांच्याही माथी बसतो. येथे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचे स्मरण होते. फुरसुंगीचा हा बनेश काडीसारखा किडकिडीत. सायकल, चौकस डोके आणि अन्यायाची चीड एवढ्या भांडवलावर तो मराठी वाचकांचा लाडका झाला. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला, २०१७ साली चित्रपटात आला. महानायकाला पिळदार दंड लागत नाहीत, हे मराठी बालसाहित्याने सिद्ध केले आहे. पण त्याच्याइतकी घराघरांत पोहोचलेली सायकलवाली मुलगी आपल्याकडे रुजली नाही.

वास्तविक तिला शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. खेड्यातून सायकलने शाळेला जाणारी मुलगी आता कोणाला नवलाची वाटत नाही. वेषाचा प्रश्नही आपल्या वाशीम जिल्ह्यातील शेतांनी केव्हाच सोडविला आहे. सोयाबीन सोंगणारी किंवा कापूस वेचणारी बाई साडीवर लांब बाह्यांचा पुरुषी सदरा चढविते, डोक्याला फडके बांधते, पदर कमरेला खोचते. ऊन, काटे व काम यांचा विचार करून तिने हा पोशाख ठरविलेला आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा त्यात विचार नाही. चित्रकारांनी नायिकेचा वेष काढताना हाच प्रश्न स्वतःला विचारावा : हा वेष घालून हिला तिचे काम करता येईल काय?

आपल्या महाविद्यालयात कथा-कविता लिहिणारे, चित्रे काढणारे अनेक विद्यार्थी व विद्यार्थिनी आहेत. त्यांपैकी कोणी अशी नायिका लिहिली, तर ती कोणाची हे न विचारता कशी हे विचारून लिहावी, एवढीच अपेक्षा.