पेन तुमच्याच नावाचं आहे ना?

वजन कमी करायचं इंजेक्शन घेतलं म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना आधीच सांगते, औषधाबद्दल माझी तक्रार नाही. भूक आटोक्यात आली, शुगर उतरली, जिना चढताना गुडघा कुरकुरेनासा झाला. माझं भांडण आहे ते हे औषध मला टोचणाऱ्यांशी.

ठाण्यातलं क्लिनिक. पॅकेज घ्यायचं, दर आठवड्याला जायचं, वजन करायचं, इंजेक्शन घ्यायचं, यायचं. पेन घरी देत नसत. विचारलं तर उत्तर तयार असे, "मॅडम, घरचा फ्रिज सारखा उघडतो, औषध खराब होईल. आमच्याकडेच राहू दे." यात खोटं काय होतं? न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं. खरं बोलून गंडवलं की माणसाला संशय येत नाही.

माझं इंजेक्शन टिर्झेपाटाइडचं. ते भारतात मार्च 2025 मध्ये मौंजारो या नावानं आलं, तेव्हा ते कुपीत मिळायचं. एका कुपीत एक डोस. 2.5 मिलिग्रॅमची कुपी 3,500 रुपयांना. पुढे पेन आलं आणि एका पेनमध्ये चार आठवड्यांचे चार डोस आले. सगळी गोम या चारात आहे.

सुरुवात 2.5 नं करतात, निदान चार आठवड्यांनी 5 वर नेतात. माझा 5 चा पहिला दिवस. ताकद बदलली की पेन नवं हवं. क्लिनिकमधल्या मुलीनं फ्रिजमधून पेन काढलं, सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, सुई बसवली. मी सहज पेनच्या पारदर्शक भागाकडे बघितलं, तर आतला राखाडी दट्ट्या निम्म्याच्या पुढे सरकलेला. टेबलावर टोपण पडलं होतं. त्याला चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या बॉलपेननं एका बाईंचं नाव. त्याच्यावर आणखी एक नाव, खोडलेलं.

"हे माझं पेन नाही."

"मॅडम, सुई नवीन आहे. आत्ता फोडली ना तुमच्यासमोर?"

मी तिचा हात धरून ठेवला. त्या पोरीवर माझा राग नाही, तिला शिकवलं तेच ती करत होती. राग आहे तो आतून आलेल्या मॅडमवर. त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या आहात, असं पॅनिक होऊ नका. पूर्ण पेन एकदम घ्यायचं तर तुम्हालाच जड गेलं असतं. आम्ही पेशंटचा फायदा बघतो." म्हणजे आधीचे डोसही असेच होते. मी फाइल मागितली. हातात आला डाएटचा तक्ता. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, सही नाही, बॅच नंबर नाही. बाहेरच्या पाटीवर ज्यांचं नाव होतं, त्या डॉक्टरांचं दर्शन मला कधीच झालं नव्हतं.

आता सुईबद्दल. टोचल्यावर त्वचेखालचं रक्त, डोळ्यांना दिसणारही नाही इतकं, सुईतून उलटं पेनच्या नळीत जाऊ शकतं. सुई बदलता येते, नळी बदलत नाही. अमेरिकेत 2009 मध्ये टेक्सासच्या एका लष्करी रुग्णालयात इन्सुलिनची पेनं अशीच वाटून वापरल्याचं उघडकीला आलं आणि 2,000 हून अधिक रुग्णांना रक्ततपासणीसाठी बोलवावं लागलं. 2015 मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं मधुमेहाच्या अशा पेनांवर 'एकाच रुग्णासाठी' असं छापणं सक्तीचं केलं. जे तिथे इतकी वर्षं माहीत आहे, ते इंजेक्शनचा धंदा करणाऱ्यांना ठाण्यात माहीत नसावं?

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, तिन्ही तपासण्या केल्या. निगेटिव्ह आल्या. पण नुकतीच झालेली लागण चाचणीत लगेच दिसत नाही, त्यामुळे फिजिशियननी पुन्हा तपासण्या लिहून दिल्या, शेवटची सहा महिन्यांनी. तोवर घरात नखं कापायची कात्रीसुद्धा मी वेगळी ठेवली. आणि क्लिनिकचा निरोप काय? उरलेले पैसे परत देतो, 'आमची काही तक्रार नाही' एवढ्या कागदावर सही करा. सही केली नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे.

"तू आधी बघितलं नाहीस का?" असं विचारणारे नातेवाईक भेटतात. दवाखान्यात कोण दट्ट्या तपासत बसतं?

तरी आता तुम्ही बघा. पेन मेडिकलमधून, आपल्या नावाच्या चिठ्ठीवर, आपल्या नावाच्या बिलानं घ्या. बिलावर बॅच नंबर आणि मुदत असते, फोटो काढून ठेवा. खोकं स्वतः फोडा. टोचायला शिकवा म्हणा, अवघड नाही. चिठ्ठी देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतो. मार्च 2026 मध्ये भारतात सेमाग्लुटाइड या वजन कमी करायच्या दुसऱ्या औषधाचं पेटंट संपलं, स्वस्त पेनं आली. त्यामुळे 'एक डोस सुटा घ्या' म्हणणाऱ्याला तर आता उभंच करू नका.

टिर्झेपाटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. सुरू केल्यावर आणि दर वेळी डोस वाढल्यावर चार आठवडे दुसरा उपाय लागतो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहिते. शस्त्रक्रिया असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, कारण पोट उशिरा रिकामं होतं. पोटात जोराची कळ येऊन पाठीत गेली तर घरी थांबू नका. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम उतरू शकते. बाकी डाळ, अंडी, चालणं हे सगळे सांगतातच, ते करा.

आणि ज्यांनी कुठल्याही क्लिनिकमध्ये पेन न बघता टोचून घेतलं आहे, त्यांनी लाजू नका, तिन्ही तपासण्या करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत होते आणि नाव गुप्त राहतं.