दुसऱ्याच्या दुखापतीबद्दल दावा कोणी लावावा?

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या गुजरातेकडे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे, भांडी व सरपण एकत्रच भरलेले असते. अशी ट्रॉली उलटून कोणास इजा झाली, म्हणजे गावी प्रश्न निघतो की, भरपाई कोणी मागावयाची? बहुधा मुकादम अथवा घरातील वडील माणूस पुढे होतो, काही रक्कम घेतो, कागदावर अंगठा उठवतो आणि प्रकरण मिटले असे सर्वजण समजतात. कायद्याच्या दृष्टीने ते पुष्कळदा मिटलेले नसते; कारण ज्याने पैसे घेतले त्यास तसा अधिकारच नसतो.

मूळ नियम असा की, ज्याची दुखापत त्याचाच दावा. जखमी इसम सज्ञान व शुद्धीवर असेल, तर त्याचा बाप, भाऊ किंवा नवरा यांपैकी कोणासही त्या दुखापतीची भरपाई स्वतःच्या हक्काने मागता येत नाही. जखमी माणूस अंथरुणास खिळला असल्यास मोटार वाहन कायदा, 1988 अन्वये त्याने रीतसर नेमलेला मुखत्यार अर्ज करू शकतो. (ट्रॅक्टर हेही या कायद्याने मोटार वाहनच होय.) परंतु हक्क जखमी माणसाचाच राहतो व पैसाही त्याचाच.

मूल जखमी झाले असेल तर गोष्ट निराळी. सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ ही अक्षरे आपण पाहिलीच असतील. अज्ञानाच्या वतीने पालनकर्ता, असा त्यांचा अर्थ. न्यायालयातही 18 वर्षांखालील मुलाचा दावा वादमित्रामार्फत लावावा लागतो. वादमित्र सज्ञान, शहाणा व मुलाच्या हिताविरुद्ध हितसंबंध नसलेला असावा. म्हणून बापाच्याच हातून ट्रॅक्टर उलटला असेल, तर बापाने नव्हे, आईने किंवा अन्य आप्ताने उभे राहावे. अशा दाव्यात न्यायालयाच्या परवानगीवाचून केलेली तडजोड मुलावर बंधनकारक नसते. डोक्यास मार लागून ज्याची समज गेली आहे अशा प्रौढासही हेच संरक्षण आहे. पंचांसमोर झालेल्या घाईच्या समेटापेक्षा ही तरतूद कितीतरी हितकर आहे, असे आमचे मत आहे.

मृत्यू घडल्यास मात्र आप्तांचा स्वतःचा हक्क उत्पन्न होतो. विहिरीवरील पंपाचा धक्का बसून किंवा तुटलेल्या वीजतारेमुळे, दुसऱ्याच्या हयगयीने कोणी दगावल्यास 1855 चा प्राणघातक अपघात कायदा लागू पडतो. तो पत्नी, पती, आईबाप व मुले यांच्यापुरताच आहे; आजीआजोबा व नातवंडे यांचाही त्यात समावेश होतो, भावाबहिणींचा होत नाही. मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत, सर्वांच्या वतीने एकच दावा लावावा लागतो.

वाहनाच्या अपघातात कायद्याची दृष्टी अधिक उदार आहे. तेथे मृताचे ‘कायदेशीर प्रतिनिधी’ अर्ज करू शकतात. गुजरातेतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये मृताच्या भावासही हा हक्क मान्य केला. 2021 मध्ये जावयाच्या आश्रयाने राहणाऱ्या सासूलाही. शिवाय 1 एप्रिल 2022 पासून, जखमी माणूस पुढे अन्य आजाराने वारला तरी त्याचा हक्क वारसांकडे चालत येतो. अपघात गुजरातेत झाला तरी अर्जदार ज्या भागात राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. याकरिता परराज्यात खेटे घालण्याचे कारण नाही. कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे, ती चुकवू नये.

आता शेजारी, ग्रामपंचायत किंवा एखादी संघटना यांचे काय? एका माणसाच्या जखमेची भरपाई त्यांना मागता येत नाही. परंतु दारिद्र्यामुळे वा असहाय्यतेमुळे जे न्यायालयापर्यंत पोहोचू शकत नाहीत, अशांच्या हक्कभंगाबद्दल तिऱ्हाइतासही सद्भावनेने उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात जाता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1981 मध्ये ठरविले. याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्याचे आहे. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात महाराष्ट्रातील 33 गावे आली, ती अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील. नर्मदा बचाओ आंदोलनाने 1994 मध्ये याचिका केली, तेव्हा प्रत्येक बाधित कुटुंबास दिल्ली गाठावी लागली नाही. 18 ऑक्टोबर 2000 रोजी बहुमताने निकाल होऊन धरणाचे काम पुढे नेण्यास मोकळीक मिळाली. तथापि याचिका ऐकली गेली म्हणजे घरोघरची जमीन हाती आली, असे नव्हे. आपापल्या जमिनीची तक्रार बाधितांना तक्रार निवारण प्राधिकरणाकडे निराळी मांडावी लागली.

वकिलाच्या खर्चाची चिंता असल्यास हेही माहीत असावे की, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींचे लोक यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा नंदुरबार येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. रुग्णालयाचे कागद व पोलिसांकडील खबरीची नक्कल सोबत न्यावी.