कोडमधून जाहिरात : तळोद्याच्या आमचुराचा एक प्रोजेक्ट

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याचा आणि जाहिरातीचा काय संबंध, असा प्रश्न आम्हाला विषय ठरवतानाच विचारला गेला. पण मोबाईल उघडला की सकाळी पहिले दर्शन जाहिरातीचेच होते, हो की नाही? तिच्यामागे चित्रकार आणि लेखक असतात, तसा कोड लिहिणाराही असतो. उद्या त्या खुर्चीवर आपल्यापैकीच कोणी बसणार. म्हणून आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतला. त्यातून जे शिकायला मिळाले ते क्रमाने मांडतो.

जाहिरात कशाची?

मी तळोद्याचा. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेले हे तालुक्याचे गाव. वरच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात कच्च्या कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून आमचूर करतात. मेहनत पुष्कळ, पण हा माल कोणी व कसा केला हे शहरातल्या गिऱ्हाईकाला कळत नाही. तेव्हा तेच सांगणारी जाहिरात करायची ठरली.

इंटरॅक्टिव्ह म्हणजे काय?

छापील जाहिरात सगळ्यांशी एकच बोलते. बाजारातला विक्रेता मात्र चिमूटभर माल आपल्या तळहातावर ठेवतो, आपला चेहरा बघतो आणि मग पुढचे बोलतो. इंटरॅक्टिव्ह जाहिरात म्हणजे हीच देवाणघेवाण कोडमध्ये लिहिणे. वेबवर बॅनर जाहिराती रुळल्या त्या ऑक्टोबर १९९४ मध्ये 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीचा बॅनर झळकल्यापासून. त्यात क्लिक एवढीच क्रिया होती. पुढे बरीच वर्षे फ्लॅशचे राज्य चालले. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा सपोर्ट थांबवला. आता एचटीएमएल-५ चा कॅनव्हास आणि जावास्क्रिप्ट यांवर काम भागते. त्यासाठी एक ब्राउझर आणि एक टेक्स्ट एडिटर पुरतो, म्हणजे होस्टेलच्या खोलीत बसून हे करता येते.

खरवडण्याची युक्ती

आमची जाहिरात ३०० बाय २५० पिक्सेलची. वरच्या थरावर पिशवीतल्या आमचुराचे चित्र. बोट फिरवले की तो थर पुसला जातो आणि खाली कैरीपासून पुडीपर्यंतचा प्रवास दिसतो. यासाठी कॅनव्हासला 'डेस्टिनेशन-आउट' हा मोड द्यायचा. मग आपण जिथे रंगवतो तिथे रंग न लागता आधीचा रंग निघून जातो. खालचे चित्र दुसऱ्या थरावर असल्यामुळे ते शाबूत राहते.

अर्ध्याहून अधिक थर पुसला गेला की उरलेला आपोआप काढून टाकायचा होता. किती पुसले हे कसे मोजणार? एकूण पिक्सेल ७५,०००. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे, म्हणजे ३,००,००० आकडे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंदच मिळतात. बोटाच्या प्रत्येक हालचालीला एवढे मोजत बसलो तर साधा मोबाईल अडखळणार. म्हणून मोजणी बोट उचलल्यावरच करायची, आणि तीही थोड्याच पिक्सेलची.

इथे एक गंमत आहे. दर विसावा पिक्सेल घ्यावा असे सहज सुचते. पण ३०० ला २० ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे तपासले जाणारे ठिपके प्रत्येक ओळीत त्याच १५ ठिकाणी येतात. मधल्या पट्ट्या तपासल्याच जात नाहीत. दर सतरावा घेतला तर ठिपके सगळीकडे विखुरतात आणि ४,४१२ पिक्सेलमध्ये काम होते. भागाकाराचे शाळेतले गणित असे अचानक उपयोगी पडते!

मराठी अक्षरांचा हिशेब

अक्षरे एकेक करून उमटवायचा इफेक्ट इंग्रजीत सोपा आहे. मराठीत 'तळोदा' या शब्दाला आपण तीन अक्षरे म्हणतो, पण युनिकोडमध्ये तिथे त, ळ, ओकाराची मात्रा, द आणि काना अशी पाच चिन्हे आहेत. सरळ तोडले तर पडद्यावर आधी 'तळ', मग 'तळो', मग 'तळोद' असे दिसते. 'सातपुड्या' लिहिताना तर पाय मोडका 'ड्' क्षणभर लटकून राहतो. नव्या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचे 'सेग्मेंटर' मात्रेसकट अक्षर वेगळे करून देते. जोडाक्षरे मात्र वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासून घ्यावीत. इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये ही अडचण सापडत नाही. ती आपली आपणच सोडवायची असते.

खरा वाद

सगळ्यात जास्त चर्चा कोडवर झाली नाही. 'फक्त ३ पुड्या शिल्लक' असा उलटा मोजणारा आकडा टाकावा, असे एका मित्राचे म्हणणे होते. लिहायला दहा ओळी, आणि क्लिक वाढणार हे नक्की. दुसऱ्याचा प्रश्न होता, पान रिफ्रेश केल्यावर पुन्हा ३ दिसले तर? आकडा खोटा हे आपल्याला ठाऊक आहे, पण बदनाम होणार ती उन्हात कैऱ्या वाळवणारी बाई.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार सांगितले आहेत. खोटी घाई लावणे हा त्यातलाच एक. ही तत्त्वे जाहिरातदारांनाही लागू आहेत. म्हणजे हा प्रश्न फक्त चांगुलपणाचा उरत नाही. आकडा गेला. जाहिरात बंद करायची फुलीही आम्ही अंगठ्याला सहज लागेल एवढी ठेवली. वेबच्या सुलभतेचे २०२३ चे निकष स्पर्शाच्या जागेसाठी किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगतात. नखाने शोधावी लागणारी फुली म्हणजे गिऱ्हाईकाचा हात धरून ठेवण्यासारखेच. मोबाईल नंबरही मागितला नाही, कारण जाहिरात दाखवायला त्याची गरजच नव्हती.

व्हायवाला काय विचारतील?

आम्हाला विचारले ते असे : "क्लिक वाढवणाऱ्या गोष्टी तुम्हीच काढून टाकल्या, मग जाहिरात यशस्वी झाली हे ठरवणार कसे?" प्रश्न रास्त आहे. फसून केलेले क्लिक आणि आवडून केलेले क्लिक मोजणीत सारखेच दिसतात. म्हणून आम्ही तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवल्या : किती जणांनी थर पुरता पुसला, किती जण खालचे चित्र बघत थांबले आणि किती जणांनी फुली दाबली. फुलीचा आकडा लपवू नये. विक्रेत्याने चिमूटभर दिले आणि गिऱ्हाईक नको म्हणाले, तर त्यालाही त्यातून काही कळतेच.

पुढच्या वर्षी कोणाला हा विषय घ्यायचा असेल तर एकच सांगणे. माल आपल्या गावचा निवडा. जो माल घरातली माणसे पिकवतात किंवा विकतात, त्याच्याबद्दल खोटा आकडा टाइप करताना हात आपोआप थांबतो.