हातांचें शिक्षण

(पाठ : निर्गम 35:30-35)

बसालेल व अहलियाब यांस देवानें कारागिरीच नव्हे, तर ती इतरांस शिकविण्याची बुद्धीही दिली. केडगांवच्या मुक्तिसदनांत दुष्काळांतून वांचलेल्या मुली खिळे जुळवावयास शिकल्या. पंडिता रमाबाईंचें मराठी बायबल, बाईंच्या पश्चात् 1924 सालीं, तेथील स्त्रियांच्याच हातांनीं छापलें गेलें.

रिद्धपूरच्या लहान शाळेचा एक आठवडा मुलांनींच चालवावा, असें सुचवितांच एक बाप म्हणाला, "पाळकसाहेब, हात राबवून आमच्या पिढ्या गेल्या, पोराला पाटीच राहूं द्या." हें दुःख खरें आहे. परंतु मजूर हुकमावरून खणतो. मुलानें संत्र्याचें आळें स्वतः मापून पाण्याचा हिशेब केला, तर तें गणित होय. सोमवारीं प्रश्न मुलांनीं ठरवावा. गुरुजींनीं, जड गेलें तरी, शनिवारपर्यंत उत्तर सांगूं नये.