जिवंत अंड्यातील उजेड

परभणी जिल्ह्यातील कोणत्याही घरी पिकलेली केळी दोन दिवस टोपलीत राहिली, की त्यांच्याभोवती इवलीशी चिलटे घिरट्या घालू लागतात. बागेतील पेरू-आंबे नासवणारी फळमाशी निराळी. हे चिलट तिच्याहून पुष्कळच लहान, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचे. गृहिणी पदराने त्याला हाकलते. शास्त्रज्ञांनी मात्र शंभराहून अधिक वर्षे याच क्षुद्र जीवाला आपला गुरू मानले आहे. शास्त्रात त्याला ‘ड्रोसोफिला’ म्हणतात.

त्याचे अंडे रव्याच्या कणाएवढे, अर्ध्या मिलिमीटरचे असते. पेशीचा कारभार चालविणाऱ्या भागास केंद्रक म्हणतात. अंड्यात आरंभी एकच केंद्रक असते. एकाची दोन, दोहोंची चार, अशी तेरा वेळा विभागणी होऊन अवघ्या काही तासांत सुमारे सहा हजार केंद्रके होतात. त्यांतील कोणी पाठ घडवावी व कोणी पोट, हे ‘डॉर्सल’ नावाचे प्रथिन ठरविते. ते पोटाच्या बाजूच्या केंद्रकांत साठते. पाठीच्या बाजूस बहुतांशी बाहेरच राहते. ते मुळीच नसेल, तर गर्भाला पोट लाभत नाही; चहूकडे पाठच होते! म्हणूनच त्याला ‘पाठीकडील’ या अर्थाचे नाव मिळाले.

पूर्वी हे पाहण्यासाठी गर्भ मारून रंगवावा लागे. त्यातून एकाच क्षणाचे चित्र हाती येई. पोळ्याच्या मिरवणुकीचे एकच छायाचित्र पाहून बैल कोठून आले व कोठे गेले, हे कसे सांगावे?

ही अडचण समुद्रातील एका जेलीफिशने दूर केली. तिच्या अंगच्या हिरव्या प्रकाशाच्या प्रथिनाची नोंद ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ साली केली. इतर जीवांच्या पेशीही त्याने उजळता येतात, हे मार्टिन चाल्फी यांनी १९९४ साली दाखविले. २००८ साली या दोघांना व रॉजर त्सिएन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते प्रथिन डॉर्सलला जोडताच जणू त्याच्या हाती कंदील आला. आता अंड्याचे बाह्य कवच हलकेच काढून, गर्भ सुकू नये म्हणून त्यावर तेल घालून, तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. प्रकाश बेताचाच लागतो. अधिक झाल्यास गर्भाला इजा होते.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या अशा निरीक्षणांतून एक नवल उघड झाले. डॉर्सल केंद्रकात जाऊन स्वस्थ बसत नाही. ते अखंड ये-जा करीत असते. पाठीच्या बाजूच्या केंद्रकांतही ते शिरते, पण तेथे टिकत नाही. मेलेल्या गर्भाने हे कधीच सांगितले नसते.

पुण्यात २००६ साली स्थापन झालेल्या ‘आयसर’ या संस्थेत डॉ. रिचा रिखी व डॉ. गिरीश रत्नपारखी यांनीही या चिलटाच्या गर्भाचा अभ्यास केला आहे. डॉर्सलची भावंडे शोभावीत अशी प्रथिने माणसाच्या शरीरातही आहेत. रोगजंतूंशी झुंजताना ती उपयोगी पडतात. ज्याला आपण पदराने हाकलतो, त्या चिलटाच्या अंड्यात आपल्याही देहाचे कोडे उलगडत असते.

स्वाध्याय
१. ‘डॉर्सल’ हे नाव कशावरून पडले?
२. पोळ्याच्या मिरवणुकीचा दाखला कशासाठी दिला आहे?
३. जिवंत गर्भ पाहताना कोणती काळजी घ्यावी लागते?