ज्वारीची काणी व जातिनिर्णय

महागांवच्या शिवारांत ज्वारीचे दाणे भरूं लागले म्हणजे एखाद्या कणसांत दाण्याऐवजीं काळी भुकटी सांपडते. शेतकरी तिला 'काणी' म्हणून मोकळा होतो. परंतु विद्यार्थिमित्रहो, ह्या एका नांवाखालीं चार निरनिराळ्या परोपजीवी बुरश्या आहेत, आणि त्यांतील भेद न ओळखल्यास औषध व श्रम दोन्ही वायां जातात.

दाणेकाणींत दाण्यांच्या जागीं राखी रंगाच्या लहान पिशव्या येतात. मळणींत त्या फुटून आंतील बीजाणू निरोगी बियाण्यास चिकटतात व पेरणीनंतर कोवळ्या अंकुरांत शिरतात. म्हणून बियाण्यास गंधकाची भुकटी चोळली असतां ती आटोक्यांत येते. मोकळी काणीही बियाण्याबरोबरच येते. लांब काणींत मात्र कणसांतील तुरळक दाणेच लांबट, किंचित् वांकड्या नळ्यांसारखे होतात. तिचे बीजाणू वाऱ्यावर येऊन फुलोऱ्यास लागतात; तेथें बियाण्यावरील गंधकाचें काय चालणार! झिपरी काणी जमिनींतून येते व सबंध कणीस खाऊन काळ्या झिपऱ्या तेवढ्या मागें ठेविते.

सूक्ष्मदर्शकाखालीं दाणेकाणीचे बीजाणू सुटे, तर लांब काणीचे गोळ्यागोळ्यांनीं चिकटलेले दिसतात. ह्या गोळ्यांवरून तिला टोलिपोस्पोरियम ह्या निराळ्या प्रजातींत घातलें होतें. पुढें ती दाणेकाणीबरोबर स्पोरिसोरियममध्यें आली.

आमच्या एका विद्यार्थ्यानें रानगवतावरची काणी आणून, "गुरुजी, नवी जात सांपडली!" असें हर्षानें सांगितलें. उत्साह आम्हांस आवडला. पण नवी जात इतकी स्वस्त नसते. आधीं आश्रयी वनस्पति निश्चित ओळखावी लागते. मग बीजाणूंचें माप व त्यांवरील कांटे पाहून, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील आजरेकर संग्रहासारख्या ठिकाणीं जपलेल्या नमुन्यांशीं तुलना करावी लागते. आतां आनुवंशिक द्रव्याचीही तपासणी करितात. वेगळेपण ठरल्यावर मूळ नमुना संग्रहांत ठेवून वर्णन छापावें लागतें. 1935 पासून 2011 अखेर तें लॅटिनमध्येंच देण्याचा नियम होता; 2013 पासून नांवाची नोंदणीही आवश्यक झाली आहे.

काणीवर्गाचे थोर अभ्यासक डॉ. मुंडकूर ह्यांनीं अशाच तुलनेंत वर्षें घालविलीं. 1944 सालीं तिरुमलाचार ह्यांस हेप्टाप्लूरम ह्या झाडावर एक अगदींच निराळी काणी आढळली, तेव्हां त्यांनीं त्या प्रजातीस 'मुंडकुरेला' नांव दिलें.

आमच्या विद्यार्थ्याचें गवत ओळखतांच येईना, कारण त्याचा फुलोरा काणीनेंच खाल्ला होता. शेजारचें निरोगी ताट मुळासकट उपटून आणण्यास आम्हीं त्यास परत धाडलें.